नवोदयच्या निकालाची वाट कशी पाहावी

नवोदयचा, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळेत सहावीला जाण्यासाठी पाचवीतली पोरं देतात त्या परीक्षेचा, पेपर झाला. शनिवार होता, वेळ साडेअकरा ते दीड. पोरगं केंद्राच्या फाटकातून बाहेर आलं तेव्हा त्याला भूक लागली होती आणि तुम्हाला आकृत्यांचे किती सुटले ते हवं होतं. तुम्ही आधी आकृत्यांचं विचारलंत. इथपर्यंत तुमचं काहीच चुकलेलं नाही.

खरी पंचाईत पुढे आहे. पेपर हिवाळ्यात होतो आणि निकाल येईपर्यंत मार्च उजाडतो. एवढ्या मोकळ्या काळात घरात शांतता शिरायचा मोठा धोका असतो. पोर दुसऱ्या दिवशीच बॅट घेऊन मैदानावर जातं, आजीला बरं वाटतं, आई दुपारी जरा आडवी होते, आणि बघता बघता घर पूर्वीसारखं चालायला लागतं. दोन वर्षं पहाटे पाचला उठवून, फी भरून जे वातावरण तयार केलं, ते असं आठवड्यात वाया घालवायचं का? म्हणून या चार गोष्टी सांगून ठेवतो.

पेपर ८० प्रश्नांचा आणि १०० गुणांचा असतो, म्हणजे एका प्रश्नाला सव्वा गुण. सव्वा रुपया दक्षिणा आणि सव्वा किलो पेढ्यांचा नवस यावर वाढलेल्या माणसाला हा आकडा शुभच वाटणार, तेव्हा हिशेब सव्वातच करा. रोज रात्री जेवणं झाली की पोराला समोर बसवा. बुद्धिमत्तेचे ४० प्रश्न, गणिताचे २०, भाषेचे २०. एकेक आठवायला लावा. "लपलेल्या आकृतीत तू 'क' रंगवलास की 'ड'?" ते म्हणेल 'क'. परवा पुन्हा विचारा, ते म्हणेल 'ब'. यावरून ते पेपरात किती निष्काळजी होतं हे सिद्ध होतं. तुम्हाला स्वतःला परवा कोणती भाजी होती ते आठवत नसेल, पण तो विषय वेगळा.

उत्तरसूच्या यूट्यूबवर मिळतात. एका क्लासची आणि दुसऱ्या क्लासची सूची दोन-तीन प्रश्नांत हमखास वेगळी निघते. कमी गुण देणारी सूची सोमवारी वापरा, जास्त देणारी पाहुण्यांसमोर. निकालाच्या पानावर निवड झाली की नाही एवढंच येतं, त्यामुळे तुमचा हा सव्वाचा हिशेब कोणी तपासायला येणार नाही. बिनधास्त बेरीज करा.

एकच पथ्य पाळा. पेपर स्वतः सोडवायला बसू नका. आमच्या ओळखीतल्या एका वडिलांनी, बँकेत चांगले अधिकारी आहेत, हौसेनं घड्याळ लावून जुना पेपर सोडवला. घडी घालून छिद्र पाडलेला कागद उलगडल्यावर कसा दिसेल, इथेच त्यांची वीस मिनिटं गेली. त्या रात्री त्या घरात नवोदयचा विषय निघाला नाही. दुसऱ्या रात्रीही नाही. असलं नुकसान परवडत नाही.

व्हॉट्सॲप ग्रुप आहेच. नसेल तर दोन काढा. एकात अफवा सोडायची, दुसऱ्यात तिची खातरजमा करायची. पहाटे सहाला मेसेज पडला पाहिजे: "आज निकाल. खात्रीलायक." खात्री कसली, तर पाठवणाऱ्याच्या साडूचा मित्र कलेक्टर कचेरीत शिपाई आहे. जिल्हाधिकारी हे नवोदय विद्यालयाच्या व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष असतात हे खरंच आहे, त्यामुळे अफवेला सरकारी शिक्का मिळतो. निकाल लावते ती नवोदय विद्यालय समिती, तिचं मुख्यालय नोएडात, आणि साडूच्या मित्राचा त्याच्याशी संबंध एवढाच की दोन्हीकडे पंखे फिरतात. पण हे ग्रुपवर लिहू नका. लिहिणाऱ्याला लोक "निगेटिव्ह" म्हणतात आणि ॲडमिन काढून टाकतो.

देशात ही परीक्षा दोन टप्प्यांत होते, डोंगराळ थंड प्रदेशातल्या शाळांची वेगळी. त्यामुळे कधीतरी भलत्याच राज्याची यादी फिरत फिरत तुमच्या ग्रुपवर येईल. ती शेवटच्या पानापर्यंत वाचा. आपल्या पोराचं आडनाव हिमाचलच्या यादीत नाही हे कळायला पाऊण तास लागतो, आणि तो पाऊण तास छातीत जे होतं त्याला तोड नाही.

वेबसाइट रात्री उघडत चला. परीक्षा क्रमांक, जन्मतारीख, एंटर. पान फिरत राहतं. हॉल तिकीट एव्हाना लॅमिनेट केलेलं असेलच. ते देवघरात ठेवावं की टीव्हीखाली यावर घरोघरी मतभेद आहेत. मी देवघराच्या बाजूचा. तिथे उंदीर लागत नाही.

आता पोराशी काय बोलायचं. नियम असा आहे की ही परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते, दुसऱ्यांदा बसता येत नाही. हे वाक्य जेवताना वाढा. भाताबरोबर एकदा, ताकाबरोबर एकदा. दहा वर्षांच्या माणसाला आपली शेवटची संधी त्या शनिवारीच होऊन गेली हे जितक्या लवकर समजेल तितकं बरं. मग पुढची साठ-सत्तर वर्षं तो निवांत. त्याने बॅट उचलली की फक्त म्हणा, "खेळ, खेळ. आता काय करायचंय." आवाज सौम्य ठेवा. ओरडण्यापेक्षा सौम्य आवाज खोल जातो, हे अनुभवी आया सांगतील.

जागांचं गणितही रोज मांडा. एका विद्यालयात सहावीला जास्तीत जास्त ८० जागा, बसलेली मुलं हजारांत. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागाला, एक तृतीयांश मुलींना, शिवाय आरक्षण. या गणितात तुमचा पोर कुठे बसतो यापेक्षा शेजाऱ्याचा कुठे बसतो हे पाहणं महत्त्वाचं. ग्रामीण जागेसाठी तिसरी, चौथी, पाचवी ग्रामीण शाळेत झालेली लागते. तुम्ही फ्लॅट तालुक्याच्या गावात घेतलात आणि पोराचं नाव तिसरीपासून आजोळच्या झेडपी शाळेत घातलंत, ती झाली दूरदृष्टी. शेजाऱ्यानं हेच केलं, तो झाला घोटाळा. हा फरक ज्याला पटकन सांगता येतो त्याचा निकालाचा काळ चांगला जातो.

फ्लेक्सचं काम आधीच उरकून घ्या. मार्चमध्ये लग्नसराई असते, दुकानदाराला वेळ नसतो. मी मध्यंतरी एका फ्लेक्सच्या दुकानात उभा होतो, तर पडद्यावर एक तयार मजकूर होता: "नवोदय विद्यालयात निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन". मधला गोल रिकामा. खाली शुभेच्छुकांचे अकरा फोटो मात्र बसलेले, गॉगलसकट. मी विचारलं, पोरगा कोण? तो म्हणाला, "निकाल लागला की टाकू. ह्यांचं फायनल आहे."

एका माणसाला मात्र आवरा. आजीला. सगळं घर सव्वाच्या बेरजेत गुंतलेलं असताना ती मध्येच विचारते, "तिथं सकाळी खायला काय देतात गं?" किंवा, "रात्री ह्याला पोटात दुखलं तर कुणाला उठवायचं?" असले प्रश्न वातावरण बिघडवतात. नवोदय म्हणजे सहावी ते बारावी वसतिगृहात राहणं, हे तुम्हाला माहीत आहे. पहिल्या दोन शाळा १९८५-८६ साली निघाल्या, एक हरियाणात झज्जरला आणि एक आपल्या अमरावतीला, तेव्हापासून माहीत आहे. गावाकडच्या हुशार पोरांना राहणं, जेवण, शिक्षण सरकारी खर्चानं मिळावं ही कल्पना चांगलीच आहे, त्यावर माझा एक शब्द नाही. पण जे पोर अजून आईचा पदर बोटाला गुंडाळल्याशिवाय झोपत नाही, ते जूनपासून कॉटवर एकटं झोपणार आहे, हा विचार निकालाआधी करायचा नसतो. निकालानंतर तर मुळीच नाही. तेव्हा ट्रंक घ्यायची असते.

पोरानंही काही विचारलं तर टाळा. "पप्पा, तिथं सायकल नेता येते का?" असं एकानं विचारलं. वडील म्हणाले, "आधी लाग तर!" उत्तर म्हणावं तर असं. नववीत काही मुलांना वर्षभरासाठी परराज्यातल्या, दुसऱ्या भाषेच्या नवोदयमध्ये पाठवतात, हे पोराच्या आईला आत्ता सांगू नका. तिची झोप तुम्हाला निकालासाठी उडवायची आहे.

एकाच निकालावर ज्यांचं भागत नाही त्यांनी सातारच्या सैनिक स्कूलचाही फॉर्म भरलेला असतो. शिवाय पाचवीला शिष्यवृत्ती परीक्षा होती तोवर तीही, दीडदीडशे गुणांचे दोन पेपर. अशा घरात दोन-तीन निकालांची वाट एकदम पाहिली जाते आणि कोणता मेसेज कशाचा हे कोणालाच सांगता येत नाही. गणपतीला, मारुतीला आणि कुलदैवताला कोणता नवस वाटून द्यायचा याची वही ठेवा. परवा एका बाईंनी सैनिक स्कूलचे नारळ नवोदयच्या देवाला फोडले, आता त्या अस्वस्थ आहेत.

निकालाच्या दिवसासाठी दोन वाक्यं पाठ करून ठेवा. नाव लागलं तर म्हणायचं, "आम्ही आपलं सहज बसवलं होतं." दोन वर्षांच्या क्लासची पावती तेवढी कपाटात आत सरकवा. नाव नाही लागलं तर, "लागलं असतं तरी आम्ही पाठवणारच नव्हतो. एवढंसं पोर, होस्टेलला कुठं ठेवायचं?" हे दुसरं वाक्य पोर खोलीत असताना जरा मोठ्यानं म्हणा. मग ते पहाटे पाचला कशासाठी उठत होतं, हे त्याचं त्याला शोधू दे. बुद्धिमत्ता चाचणीचा सराव होतो.

दोन्हींच्या मध्ये वेटिंगचा पर्याय असतोच. निवड झालेल्यांपैकी कोणी आलं नाही की पुढची यादी लागते, त्यामुळे जूनमध्ये शाळेचा नवा गणवेश शिवायला टाकतानाही "थोडं थांबा, बघू" म्हणता येतं. कोणाच्या पोराला वसतिगृहात करमलं नाही आणि ते परत आलं, अशी बातमी कानावर आली तर हळहळ व्यक्त करा आणि त्याचा प्रवर्ग विचारून घ्या.

तेही नाही झालं तर नववीला पुन्हा प्रवेश परीक्षा असते, रिकाम्या राहिलेल्या जागांसाठी. तिची तारीख तुम्हाला शोधत बसावी लागणार नाही. क्लासचे सर स्वतः फोन करतील.