१ जूनला जन्मलेले रक्तदाते

रक्तदात्यांच्या नोंदी मृत्युनोंदींशी जोडून त्यांचे मृत्युप्रमाण काढण्याविषयीच्या माझ्या लेखावर आपण लिहिले आहे. नाव, जन्मतारीख आणि पत्ता जुळले की रक्तदाता आणि मृत्युनोंदीतील व्यक्ती एकच, त्यापुढे शंका काढणे म्हणजे शब्दांचा कीस पाडणे, असा आपला आक्षेप आहे. तिन्ही खरोखर जुळले तर चुकीच्या जोडणीचा धोका कमी असतो, हे मला मान्य आहे. माझी अडचण न जुळणाऱ्यांची आहे.

नाशिकमधील एका शिबिराचे जुने अर्ज संगणकावर चढवले जात असताना मी शेजारी बसलो होतो. सातपूरच्या एका ताईंनी आधी माहेरच्या नावाने रक्तदान केले होते, पुढच्या अर्जावर मात्र सासरचे आडनाव आणि पत्ता निफाडचा होता. आपल्याकडे मृत्यूची नोंद राहत्या गावी नव्हे, तर मृत्यू जिथे घडतो तिथल्या निबंधकाकडे होते. त्यामुळे अशी व्यक्ती मुंबईच्या रुग्णालयात वारली, तर नाशिकच्या नोंदी कितीही चाळल्या तरी ती सापडणार नाही आणि आपल्या तक्त्यात शंभरी ओलांडूनही जिवंतच राहील.

जन्मतारखेचे म्हणाल, तर त्याच गठ्ठ्यात १ जून इतक्यांदा आला की नोंदी करणारा मुलगा हसू लागला. शाळेत नाव घालताना गुरुजींनी ठोकून दिलेली ही तारीख जुळली, तरी तिच्यावर फारसे विसंबता येत नाही. फेलेगी आणि संटर या संख्याशास्त्रज्ञांनी १९६९ साली मांडलेल्या नोंदी जोडण्याच्या पद्धतीत म्हणूनच सर्रास आढळणारी गोष्ट जुळली तर कमी आणि दुर्मीळ जुळली तर जास्त वजन देता येते.

स्वीडनमध्ये अशी जोडणी अचूक होते, हा आपला दाखला योग्य आहे, पण तिथे १९४७ पासून प्रत्येकाला व्यक्तिक्रमांक आहे. तिथली अचूकता नावांवरून केलेल्या जोडणीला लागू होत नाही. शिवाय हिमोग्लोबिन १२.५ ग्रॅमच्या खाली असलेल्याला रक्तपेढी परत पाठवते, म्हणजे दाते मुळात निवडक निरोगी असतात. त्यांचे मृत्युप्रमाण त्यामुळेच कमी दिसते आणि निसटलेले मृत्यू ते आणखी खाली ओढतात.

जोडलेल्या मृत्युदिनांकानंतर कोणी रक्त दिलेले आढळले, तर ती जोडणी बहुधा चुकीची, हे पटकन कळते. निसटलेल्यांसाठी मात्र, ज्यांचे निधन घरच्यांकडून आधीच कळले आहे अशा दात्यांची यादी बाजूला ठेवून, त्यातले किती जण जोडणीत सापडतात हे मोजावे लागते. माझ्या लेखात मी नुसते ‘अचूकता’ म्हटले होते. तिथे चुकीची जोडणी आणि निसटलेले मृत्यू या दोन चुका वेगळ्या मांडायला हव्या होत्या, तेवढी दुरुस्ती आज केली आहे.