जहाज कोणाकडे आहे?

इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंचीवर आहे. आमच्याकडे बंदर नाही, खाडी नाही. होळकरांनी सगळं राज्य घोड्यावर बसून केलं, आरमाराच्या भानगडीत ते पडले नाहीत. पाण्याशी आमचा संबंध नर्मदेच्या नळापुरता, आणि तोही एक दिवसाआड. अशा गावात बसून विमानवाहू जहाजावर विमानं उतरवण्याचा सामुदायिक कार्यक्रम करावा, ही कल्पना मुळात कोणाची, यावर आमच्यात अजून एकमत नाही. कार्यक्रम पार पडला असता तर ती प्रत्येकाचीच निघाली असती.

विमानं अर्थात कॉम्प्युटरवरची. फ्लाइटगिअर म्हणून एक सिम्युलेटर आहे. तो मुक्तस्रोत आहे, हे मी सांगितलं तेव्हा कोणी मान वर केली नाही. फुकट आहे म्हटल्यावर चौघांनी त्याच रात्री उतरवून घेतला. आपापल्या घरी बसून एकाच आकाशात उडता येतं, एकमेकांची विमानं दिसतात, आणि बोलायला ग्रुप कॉल असतोच. इंदूरच्या देवी अहिल्याबाई विमानतळाची धावपट्टी जवळजवळ पावणेतीन किलोमीटर लांब आहे आणि तिच्यावर आमच्यातला प्रत्येकजण उतरू शकतो. वकीलसाहेबसुद्धा. त्यांची चाकं अर्ध्या धावपट्टीनंतर टेकतात आणि उरलेल्या अर्ध्या धावपट्टीत ते ब्रेकला नाही, आम्हाला समजावत असतात.

जहाजाचं गणित निराळं. २ सप्टेंबर २०२२ ला कोचीत नौदलात दाखल झालेली आपली नवी विक्रांत अख्खी २६२ मीटर आहे. त्यातली उतरण्यापुरती पट्टी आणखी आखूड. शिवाय ती जहाजाच्या नाकासमोर सरळ नसते, तिरकी काढलेली असते. त्यामुळे जहाज पुढे गेलं की पट्टी आपली उजवीकडे सरकते. तुम्ही नेम धरून येता तोवर ती तिथे नसते. विमानाच्या शेपटीखाली एक आकडा, डेकवर आडव्या पोलादी तारा. आकडा तारेत अडकला तर दोन-तीन सेकंदांत विमान थांबतं, नाही अडकला तर समोर समुद्र. म्हणून चाकं टेकताक्षणी ब्रेक नाही मारायचा, उलट इंजिन पूर्ण जोरात सोडायचं, कारण तार हुकलीच तर त्याच वेगात परत उडता आलं पाहिजे.

हे मी ग्रुपवर समजावलं तेव्हा देवासचे भाऊजी म्हणाले, "म्हणजे पोचल्याबरोबर निघायची पूर्ण तयारी ठेवायची. मी सासुरवाडीला येतो तेव्हा तेच करतो." त्यांची सासुरवाडी म्हणजे आमचंच घर असल्यामुळे मी पुढच्या मुद्द्याकडे वळलो.

पुढचा मुद्दा तारखेचा. ४ डिसेंबर, नौदल दिन, यावर सगळ्यांनी अंगठे दाखवले. १९७१ मध्ये त्याच रात्री आपल्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला केला होता, आणि पूर्वेला जुन्या विक्रांतवरची सी हॉक विमानं त्या दिवशी कॉक्स बाजारवर गेली होती. फ्लाइटगिअरमध्ये सी हॉक आहे. डेकवर उतरायला शिकण्यासाठी ते बऱ्यापैकी सोशीक विमान मानतात. विक्रांतवर पहिलं जेट उतरलं ते १८ मे १९६१ ला, उतरवणारे लेफ्टनंट ताहिलियानी पुढे नौदलप्रमुख झाले. मी हे सगळं इतक्या भारावून सांगितलं की ४ डिसेंबर म्हणजे मार्गशीर्षाच्या आसपास, आणि मार्गशीर्ष म्हणजे लग्नं, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. ते दुसऱ्या दिवशी घरोघरच्या वहिनींच्या डोक्यात आलं. डॉक्टरांकडे दोन आमंत्रणं, वकीलसाहेबांकडे अशिलाच्या मुलीचं रिसेप्शन, भाऊजींकडे संगीत. अखेर रात्री ९ ची वेळ ठरली, म्हणजे आठला पाकीट देऊन, जेवून, घरी. इंदुरात आठला लग्नाच्या मांडवात केटररसुद्धा नीट पोचलेला नसतो, पण आशा मोठी वाईट.

वेळ मात्र झकास होती. आमचं जहाज होतं अमेरिकेचं निमित्झ, सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या समुद्रात. आपल्या रात्रीच्या ९ ला तिकडे सकाळचे साडेसात, कोवळं ऊन. यावर रामबागेतल्या काकांनी हरकत घेतली. नौदल दिन आपला, विमान आपल्या विक्रांतवरचं, मग जहाज अमेरिकेचं कशाला? काका बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेत, कागद पुरा असल्याशिवाय सही करत नाहीत. मी त्यांना यूजीन ईलीची गोष्ट सांगितली. जहाजावर विमान उतरवणारा पहिला माणूस, १८ जानेवारी १९११, आणि जागा सॅन फ्रान्सिस्कोचाच उपसागर. डेकवर आडवे दोर, दोरांच्या टोकांना वाळूची पोती, विमानाखाली आकडे, आणि पाण्यात पडलोच तर तरंगावं म्हणून ईलीने अंगाला गुंडाळलेल्या सायकलच्या ट्यूबा. काकांनी ट्यूबा दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग म्हणाले, "ठीक आहे. माणूस खर्चाला जपणारा दिसतो."

काकांना आम्ही एलएसओ केलं. डेकच्या कडेला उभा राहून येणाऱ्या वैमानिकाला वर, खाली, जोर वाढव, असं सांगणारा अधिकारी तो. त्याने परत जा म्हटलं की वैमानिकाने वाद न घालता परत जायचं. इतकी वर्षं काउंटरवर आलेल्या माणसाला एका नजरेत परत पाठवलेला गृहस्थ आमच्या हाताशी असताना दुसरा कोण शोधणार? शिवाय एलएसओ प्रत्येक उतरण्याला शेरा देतो आणि तो वहीत लिहिला जातो, हे कळल्यावर काकांनी स्वतःहून लेजर आणलं. लाल शाईचं पेनही.

सराव रविवारी सकाळी आठला ठेवला होता. सकाळी आठला इंदूरचा माणूस घरी सापडत नाही, पोह्याच्या ठेल्यावर सापडतो. तिघे फोनवरून कॉलवर आले आणि तोंडात जिलेबी धरून "ऐकून राहिलोय, बोल" म्हणाले. उरलेल्यांपैकी एकाच्या माइकमधून कचरागाडीचं गाणं सुरू झालं, ते ओसरतं तोच पुढच्या गल्लीतल्या दुसऱ्याच्या माइकमधून आलं. गाडी कुठून कुठे गेली ते आम्ही सगळ्यांनी नीट ऐकलं. विमानांबद्दल काही ऐकल्याचं आठवत नाही.

त्या दिवशी एकच काम झालं, ते म्हणजे दिव्यांचा खुलासा. जहाजाच्या डाव्या कडेला आडव्या हिरव्या दिव्यांची रांग असते, मधोमध एक पिवळसर गोळा. गोळा रांगेच्या वर दिसला तर तुम्ही उंच, खाली दिसला तर नीच, अगदी खाली गेला तर तो लाल होतो आणि मग बोलायला फार वेळ नसतो. याची सुरुवात आरशापासून झाली. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटिश नौदलातल्या गुडहार्ट नावाच्या अधिकाऱ्याला ही युक्ती सुचली. ऑफिसातल्या सेक्रेटरीचा छोटा आरसा आणि लिपस्टिक घेऊन त्याने ती टेबलावर करून दाखवली. हे मी कॉलवर सांगत असताना बायको मागून म्हणाली, "म्हणजे निघालं शेवटी बाईच्या पर्समधूनच. आणि नाव कोणाचं झालं?" कॉलवर एकदम शांतता झाली. सात घरांत सात स्पीकर चालू होते.

आता खरी मेख. फ्लाइटगिअरमध्ये साधं जहाज लावलं तर ते ज्याच्या त्याच्या कॉम्प्युटरवर असतं. माझं जहाज मला दिसतं, तुमचं तुम्हाला. विमानं सगळ्यांना सगळ्यांची दिसतात, जहाज मात्र खाजगी. सगळ्यांचं मिळून एकच जहाज हवं असेल तर एकाने आपल्या मशीनवर ते चालवायचं आणि बाकीच्यांनी यादीतून एमपी (म्हणजे मल्टिप्लेअर, सगळ्यांचं मिळून) असं लिहिलेलंच जहाज निवडायचं. हे मी मराठीत लिहिलं, हिंदीत लिहिलं, ठळक केलं, फोटो टाकला, वर बोलूनही पाठवलं. सगळ्यांचे अंगठे आले. ग्रुपवरचा अंगठा म्हणजे वाचलं नाही याची पोच, हे या देशात एव्हाना कायद्यात यायला हवं होतं.

जहाज चालवायला वकीलसाहेब. त्यांचा कॉम्प्युटर सगळ्यात तगडा, आणि कॅप्टन म्हटल्यावर ते नाही म्हणणार नव्हते. काका लेजर घेऊन त्यांच्याच घरी बसले. आमिष असं ठरलं की जो पहिली तार पकडेल त्याला त्याच रात्री सराफ्यात, म्हणजे आमच्या रात्रीच्या खाऊबाजारात, बाकीच्यांनी खाऊ घालायचं. गराडूचे, म्हणजे तळलेल्या कंदाचे, दिवस होते, त्यामुळे आमिष जबर होतं.

४ डिसेंबरला रात्री ९ ला कॉलवर मी आणि पुण्याहून भाचा. सव्वानऊला वकीलसाहेब आणि काका. पावणेदहाला भाऊजी, मागे ढोलक. डॉक्टर दहाच्या सुमाराला आले, सफारी सूट न बदलता. मी स्वतः त्या रात्री उडालोच नाही. "चाकं खाली का?", "आकडा खाली का?", "माइक बंद करा, कोणाकडे तरी कुकर वाजतोय" एवढंच मी बोललो.

पहिले आले भाऊजी. छान आले, खरंच. गोळा मधोमध, वेग बरोबर. आणि अगदी शेवटी जहाज वळायला लागलं. विमानं उतरत असताना कॅप्टनने वाऱ्याकडे तोंड करून एका रेषेत जायचं असतं, बाकी काही म्हणजे काहीही करायचं नसतं. पण वकीलसाहेब पडले इंदूरचे. पाहुणा एवढ्या लांबून यायलाय आणि आपण नुसते सरळ चाललोय, हे त्यांना बघवेना. "थांबा भाऊजी, मीच आणतो ना इकडे!" म्हणत त्यांनी सुकाणू फिरवलं. भाऊजींच्या समोरून पट्टी निघून गेली आणि जहाजाची उभी भिंत आली. काकांनी लेजरमध्ये लिहिलं: 'सादर केले, नामंजूर.'

भाच्याचं विमान चांगलं, इंटरनेट वाईट. त्याला जहाज पुढे सरकताना दिसेना, उड्या मारताना दिसे. एका उडीला जहाज त्याच्याखाली होतं, पुढच्या उडीला त्याच्यापुढे. त्याने तरीही डेकला चाकं लावली, तार हुकली, आणि पुस्तकात सांगितल्याप्रमाणे पूर्ण जोर देऊन परत उडाला. त्या रात्रीची तेवढी एकच गोष्ट नियमाने झाली. काकांचा शेरा: 'आले व गेले.' पुढच्या फेरीला काकांनी त्याला दुरूनच परत पाठवलं. का, विचारलं तर म्हणाले, "साडेदहा झाले. नवीन काम घेत नाही."

आणि मग डॉक्टर. डॉक्टर दंतवैद्य आहेत, हात अतिशय स्थिर. ते बोलत नाहीत, समोरच्यालाही बोलू न देण्याची त्यांना सवय आहे. त्यांचं सी हॉक वळण घेऊन आलं, आकडा खाली, चाकं खाली, पंखाचं टोकही हलत नव्हतं. फक्त ते जहाजापासून दोन-तीन मैलांवर, मोकळ्या समुद्रावर उतरत होतं. काका ओरडले, "परत! परत!" डॉक्टर शांत. विमान खाली आलं, पाण्यापासून वीसेक मीटर उंचीवर एक हिसका बसला, आणि ते थांबलं. हवेत. मग तसंच उभ्या उभ्या हळूहळू पुढे सरकू लागलं.

"तिसरी तार," डॉक्टर म्हणाले.

"भिया, तुम्ही आहात कुठे?" भाऊजींनी विचारलं.

"कुठे म्हणजे? जहाजावर. डेक मला स्वच्छ दिसून राहिलाय."

त्यांनी साधं जहाज लावलं होतं. चार तारांच्या जहाजावर तिसरी तार ही सगळ्यात नेटकी समजतात, आणि डॉक्टरांनी ती बरोब्बर पकडली होती, त्यांच्या घरच्या निमित्झवर, साक्षीदार एकही नसताना. त्यांनी स्क्रीनचा फोटो टाकला. वकीलसाहेबांनी फोटो पुराव्यात घ्यायला हरकत घेतली. जहाज कॅप्टनच्या ताब्यात असतं, कॅप्टन मी, आणि माझ्या ताब्यात असं कोणतंही विमान आलेलं नाही. डॉक्टर म्हणाले, विमान थांबलेलं सगळ्यांनी पाहिलं की नाही? पाहिलं. मग ते कशावर थांबलं? यावर वकीलसाहेबांनी तारीख मागितली. काकांनी पानं उलटसुलट करून पाहिलं आणि जाहीर केलं की आपल्या शाखेत हे खातंच नाही.

तोवर डॉक्टरांचं विमान हवेत उभं राहून पश्चिमेला बरंच लांब गेलं होतं. भाचा त्याच्याभोवती घिरट्या घालत फोटो काढत होता.

साडेअकराला आम्ही सराफ्यात होतो. दिवसा जिथे सोनं विकतात त्या पायऱ्यांवर बसून डॉक्टर गराडू खात होते, वर जिरावण मागून घेत होते, आणि मधूनमधून तिसरी तार, तिसरी तार म्हणत होते. भाऊजींनी भुट्ट्याचा कीस घेतला, वकीलसाहेबांनी मालपुआ. पैसे द्यायची वेळ आली तेव्हा डॉक्टरांनी खिशाला हात लावला नाही. त्यांनी काकांकडे पाहिलं.

काकांनी दोन्यातला शेवटचा तुकडा संपवला, हात पुसले आणि म्हणाले, "डॉक्टर, ज्या जहाजावर उतरलात, त्या जहाजावर जेवायचं."