‘कलम ३०-अ’ कुठे आहे, काका?

आमच्या इमारतीच्या ग्रुपवर एक मेसेज दर चार-सहा महिन्यांनी उगवतो. फोटो बदलतो, मजकूर तोच: ‘कलम ३० नुसार मदरशात कुराण आणि मिशनरी शाळेत बायबल शिकवता येतं, पण कलम ३०-अ नुसार शाळेत गीता शिकवता येत नाही. सरदार पटेलांचा याला कडाडून विरोध होता. ते गेल्यावर नेहरूंनी हे कलम घटनेत घुसवलं. पैसा तुमचा, धर्म त्यांचा! दहा जणांना पाठवा.’ या वेळी पाठवणारे दुसऱ्या मजल्यावरचे काका निवृत्त मुख्याध्यापक आहेत, म्हणून मला गप्प बसवलं नाही.

आधी कलमाचंच बघू. घटनेत ३०-अ हे कलम नाही. कलम ३० च्या पोटात (१-अ) असं उपकलम आहे. ते १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने आलं आणि त्याचा विषय आहे भूसंपादन. अल्पसंख्याकांच्या शिक्षणसंस्थेची मालमत्ता सरकारने सक्तीने घेतली, तर भरपाई इतकी तुटपुंजी नको की संस्था चालवण्याचा हक्कच बुडेल, एवढंच ते सांगतं. म्हणजे सातबारा आणि मोबदला. गीतेचा संबंध नाही, कुराणाचाही नाही.

मूळ कलम ३० धार्मिक ‘किंवा भाषिक’ अल्पसंख्याकांना शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क देतं. ‘भाषिक’ हा शब्द मेसेजमधून दरवेळी गळतो. मुंबईतलं जय हिंद किंवा के. सी. कॉलेज घ्या. फाळणीनंतर आलेल्या सिंधी मंडळींनी उभी केलेली ही कॉलेजं सिंधी भाषक अल्पसंख्याक म्हणून या कलमाचा लाभ घेतात. उद्या तमिळनाडूत कुणी मराठी शाळा काढली तर तिलाही हेच कलम आहे. शिवाय अल्पसंख्य कोण, हे राज्यनिहाय ठरतं. १९७१ मध्ये सुप्रीम कोर्टाने पंजाबातल्या आर्यसमाजी हिंदूंच्या डीएव्ही कॉलेजांना याच कलमाखाली अल्पसंख्य मानलं होतं.

मग शाळेतल्या धर्मशिक्षणाचा नियम कुठे आहे? दोन कलमं मागे, २८ मध्ये. खरी गंमत तिथे आहे, आणि ते कलम या मेसेजमध्ये कधीच नसतं.

कलम २८ शाळेचा धर्म विचारत नाही, पैसा कुणाचा ते विचारतं. संपूर्ण सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण द्यायचं नाही, कुठल्याही धर्माचं. (एखाद्या जुन्या न्यासाच्या अटीतच धर्मशिक्षण असेल आणि सरकार फक्त कारभार बघत असेल, तर सूट आहे.) अनुदानित किंवा नुसती मान्यता असलेल्या शाळेत ते देता येतं, पण संमतीशिवाय कुणाला बसवता येत नाही. मूल लहान असेल तर पालकांची संमती लागते. वसईकडच्या किंवा गोव्यातल्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्यांना हे आठवेल: कॅटेकिझमच्या, म्हणजे ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या तासाला कॅथलिक मुलं एका वर्गात, बाकीची मॉरल सायन्सला दुसऱ्या वर्गात.

७ डिसेंबर १९४८ ला संविधान सभेत यावर चर्चा झाली, तेव्हा बाबासाहेबांनी दाखला दिला तो जिल्हा बोर्डाच्या शाळेचा. बहुतेक मुलं हिंदू आहेत म्हणून बोर्डाने हिंदू धर्मशिक्षण सुरू केलं, तर एका धर्मासाठी कर वसूल करायचा नाही या तत्त्वालाच ते बाधेल, हा त्यांचा मुद्दा.

हा नियम मदरशांना लागत नाही असं वाटत असेल तर आसाम बघा. तिथे सरकारी मदरसे २०२० च्या कायद्याने साध्या शाळा झाले. फेब्रुवारी २०२२ मध्ये गुवाहाटी हायकोर्टाने तो कायदा उचलून धरला आणि आधार घेतला याच कलम २८ (१) चा.

आता गीता. बंदी धार्मिक शिक्षणावर आहे, ग्रंथावर नाही. वेगवेगळ्या धर्मांची तत्त्वं अभ्यास म्हणून शिकवणं कलम २८ च्या आड येत नाही, असं सुप्रीम कोर्टाने २००२ मध्ये अरुणा रॉय प्रकरणात सांगितलं. गुजरात सरकारने २०२२ मध्ये सहावी ते बारावीसाठी गीता आणायची घोषणा केली, ती काही चोरून नव्हे. आणि लांब कशाला जायचं? काका, तुम्ही आयुष्यभर परिपाठाला पसायदान म्हणून घेतलंत. ते ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायाच्या शेवटी येतं आणि ज्ञानेश्वरी ही गीतेवरची टीका. मराठीच्या पुस्तकात ओव्या होत्या, अभंग होते. परीक्षेत त्यांचा रसास्वाद विचारला जायचा, भक्ती नाही. शिकवणं आणि दीक्षा देणं यातली रेघ तुम्ही रोज पाळत होतात.

पटेलांबद्दल दोन तारखा पुरतात. घटना लागू झाली २६ जानेवारी १९५० ला, कलम ३० सकट. पटेल गेले १५ डिसेंबर १९५० ला. त्यातून मूलभूत हक्क आणि अल्पसंख्याकांविषयीच्या सल्लागार समितीचे अध्यक्ष खुद्द पटेलच होते!

‘पैसा तुमचा’चं काय? महाराष्ट्रात मदरशांसाठी डॉ. झाकिर हुसेन योजना आहे. तिच्यातलं मानधन गणित, विज्ञान, मराठी अशा विषयांच्या शिक्षकांना मिळतं. २०२४ मध्ये ते डीएडधारकांना ६ हजारांवरून १६ हजार आणि बीएडधारकांना ८ हजारांवरून १८ हजार झालं. उज्जैनच्या महर्षि सांदीपनि वेदविद्या प्रतिष्ठानामार्फत वेदपाठशाळांनाही केंद्राचा पैसा जातो. दोन्हींवर टीका करा, पण एकीवरच का?

तक्रारीला जागा नाही असंही नाही. सुप्रीम कोर्टाच्या २०१४ च्या प्रमती निकालाने शिक्षण हक्क कायदा अल्पसंख्याक शाळांना लागू होत नाही असं ठरवलं. त्यामुळे गरीब मुलांसाठीच्या २५ टक्के जागा त्यांच्यावर बंधनकारक नाहीत. शेजारच्या गल्लीतल्या हिंदू ट्रस्टच्या शाळेला मात्र आहेत. हे मला खटकतं. खुद्द सुप्रीम कोर्टालाही खटकलेलं दिसतं: महाराष्ट्रातून गेलेल्या टीईटीच्या (शिक्षक पात्रता परीक्षेच्या) खटल्यात १ सप्टेंबर २०२५ ला दोन न्यायमूर्तींनी प्रमतीवर शंका घेऊन तो प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे जावा म्हणून सरन्यायाधीशांपुढे ठेवला. काका, यावर मेसेज लिहा. दहा जणांना मी पाठवतो.