ट्रॉली हळू चालते म्हणून कसलेही टायर चालत नाहीत

गळीत हंगाम तोंडावर आला की ट्रॅक्टरवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो. त्याचा सारांश असा: ट्रॉली वीस-पंचवीसच्या वेगाने चालते, तिला ट्रकचे उतरवलेले जुने टायर पुरतात, ऊन वाढलं की हवा थोडी कमी ठेवा, टायर फुटत नाही, ट्रॉलीला ब्रेक लागत नाही, ट्रॅक्टरचा बास होतो, आणि वजन मागे जास्त टाकलं की ट्रॅक्टरवर ताण येत नाही. यातलं एकही धड नाही. हवेचा सल्ला तर सगळ्यात घातक, म्हणून आधी तोच घेतो.

हवा तापली की दाब वाढतो, इथवर बरोबर. पण वाढतो किती? गार टायरमध्ये ८० पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) हवा आहे आणि आतली हवा २५ अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापली असं धरा. दाब साधारण ११ पीएसआयने वाढेल. टायर बनवताना ही वाढ धरलेलीच असते. धडधाकट टायर तेवढ्याने फुटत नाही. आता हवा कमी ठेवल्यावर काय होतं ते बघा. भरलेल्या ट्रॉलीखाली टायर जास्त दबतो. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला त्याची बाजू वाकते, सरळ होते, पुन्हा वाकते. या वाकण्यातूनच टायर तापतो, आणि आतले थर रबरापासून सुटू लागतात. बाहेरून काहीच दिसत नाही. मग एखाद्या दुपारी तो फुटतो आणि सगळे म्हणतात, उन्हाने फुटला, हवा अजून काढायला हवी होती. पुढच्या वेळी आणखी कमी हवा, आणखी लवकर फुटलेला टायर. हा समज मोडत नाही तो यामुळे.

हवा सकाळी निघण्याआधी, टायर गार असताना, गेज लावून बघायची. टॉमी (लोखंडी दांडा) टायरवर मारून आवाज ऐकण्याने पंक्चर कळतं, पण ८० च्या जागी ६० उरली आहे हे कळत नाही. आणि तापलेल्या टायरची हवा वाटेत सोडायची नाही; गार झाल्यावर तो फारच खाली बसतो.

जुन्या टायरांचं म्हणाल तर वेग कमी आहे, पण वजन? एका ट्रॅक्टरमागच्या दोन ट्रॉल्यांत मिळून पंधरा-वीस टन ऊस सहज असतो, आणि वाट पाणंदीतल्या दगडांवरून जाते. जुन्या टायरवर नक्षी शिल्लक दिसली तरी रबर वाळलेलं असतं. बाजूवर डीओटी (DOT) या अक्षरांपासून सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. तो वाचूनच टायर घ्यावा. बाजूला भेगा, फुगवटा किंवा उघडे दोरे दिसले तर तो ट्रॉलीलाही नको. रिमोल्डला, म्हणजे जुन्यावर नवं रबर चढवलेल्या टायरला, माझी हरकत नाही. मूळ टायर चांगला असेल तर तो चालतो.

मला राग येतो तो या काटकसरीची किंमत दुसऱ्याच कुणीतरी मोजतो याचा. टायर फुटला की भरलेली ट्रॉली रात्री रस्त्यातच उभी राहते. मागची तांबडी रिफ्लेक्टर पट्टी लोंबणाऱ्या उसाने झाकलेली असते. मोटरसायकलवाल्याला ती दिसेपर्यंत वेळ गेलेली असते. चाक बदलून झाल्यावर चाक सरकू नये म्हणून उटीला लावलेला दगडही पुष्कळदा तिथेच सोडून जातात. दगड उचलायला अर्धा मिनिट लागत नाही!

ब्रेकचा हिशेब सोपा आहे. पन्नास एचपीचा ट्रॅक्टर दोन-अडीच टनांचा, आणि मागे त्याच्या सहा-सात पट ओझं. उतारावर ट्रॉल्या त्याला ढकलतात, मागची चाकं घसरतात आणि ट्रॅक्टर आडवा होतो. वेग २० वरून ३० झाला की थांबवायचा जोर सव्वादोन पट होतो. म्हणून ट्रॉलीला ब्रेक हवा, उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर हवा आणि डिझेल वाचवायला न्यूट्रल कधीच नको. शेतात वळण्यासाठी ब्रेकचे दोन पेडल सुटे ठेवलेले असतात. रस्त्यावर येताना ते जोडायचे राहून गेले तर एकाच चाकाला ब्रेक लागतो आणि ट्रॅक्टर त्या बाजूला खेचला जातो.

राहिलं वजन. दोनचाकी ट्रॉलीत ते आसाच्या मागे गेलं की पुढची दांडी वर उचलू बघते आणि ट्रॅक्टरची मागची चाकं हलकी होतात. ओढायचं आणि थांबायचं ते याच चाकांवर. फार पुढे टाकलं तर चढाला ट्रॅक्टरचं तोंड उचलतं. आसाच्या किंचित पुढे भार पडेल असं भरावं. चारचाकीत सगळीकडे सारखं. हुकाच्या पिनेला खालून तारेचा तुकडा किंवा खिळा न अडकवता नीट लॉक लावावं आणि शेजारून साखळी घ्यावी. दोन ट्रॉल्यांच्या मधल्या पिनेलाही तेच, कारण ती निसटली तर ट्रॅक्टरवाल्याला पुढे बसून लगेच कळतही नाही.