बीडीएस वर, अंबरनाथ खाली

आज डोंबिवली स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात डोकं फिरलं. पुढे एक बाप आणि त्याची लेक, मेडिकल-डेंटल प्रवेशाचा, म्हणजे ग्रुप ए चा, प्रेफरन्स फॉर्म (कॉलेजांचा पसंतीक्रम) भरायला आलेले. बापाच्या मोबाईलवर कुणा 'काउन्सेलर'ने पैसे घेऊन पाठवलेली तयार यादी होती आणि दुकानातला पोरगा त्यातले कॉलेज कोड एकेक करून टाकत होता. वर केईएम, जे.जे., सायन, नायर, कूपर. ठीक. त्याखाली नवी मुंबईतली खाजगी बीडीएस, म्हणजे दातांच्या डॉक्टरकीची, कॉलेजं. आणि सगळ्यात तळाला अंबरनाथ, अलिबाग, सिंधुदुर्ग, नंदुरबारची सरकारी मेडिकल कॉलेजं. गडचिरोली तर यादीतच नाही.

डोंबिवलीत राहता आणि अंबरनाथचं सरकारी एमबीबीएस बीडीएसच्या खाली? ठाकुर्ली, कल्याण, विठ्ठलवाडी, उल्हासनगर, की अंबरनाथ आलंच. विचारलं तर उत्तर, "नवीन आहे ना ते. आणि सर म्हणाले, मुंबईजवळचं आधी टाका."

अहो, ग्रुप ए मध्ये एमबीबीएस आणि बीडीएस एकाच यादीत असतात. यंत्र तुमची यादी वरून खाली वाचतं आणि जिथे मेरिट बसलं तिथे थांबतं. खालच्या ओळीकडे ढुंकूनही बघत नाही. म्हणजे मार्क अंबरनाथपुरते असले तरी मुलीला बीडीएसच मिळणार, कारण तुम्हीच ते वर टाकलंत. मिळण्यासारखं नाही म्हणून एखादं कॉलेज खाली ढकलायचं नसतं. वर टाकलं आणि नाही मिळालं तर काहीही बिघडत नाही. उलटं केलं तर मात्र बिघडतं.

पुढची चूक तर ठरलेलीच. पहिल्या फेरीत जागा मिळते, मुलगी कॉलेजात हजर होते आणि तिथे कुणीतरी स्टेटस रिटेन्शन फॉर्म, म्हणजे 'हीच जागा ठेवतो' असं लिहून देणारा कागद, पुढे करतं. 'जागा पक्की होते' म्हणून सही ठोकली की संपलं, पुढच्या फेऱ्यांमधून नाव बाहेर. न भरता पुढे गेलात आणि वरचं कॉलेज मिळालं, तर आधीची जागा आपोआप जाते, हेही घरात आधीच बोलून ठेवा. नंतर रडारड नको.

मुंबईचं कॉलेज म्हणजे करिअर, हे कुणी डोक्यात भरवलं? जे.जे.चं ग्रँट कॉलेज १८४५ चं, केईएमचं जी. एस. १९२६ चं, तिथल्या वॉर्डात जे दिसतं ते इतरत्र दिसणार नाही, मान्य. पण एमबीबीएसनंतर स्पेशालिस्ट व्हायच्या प्रवेश परीक्षेला, नीट पीजीला, २०० प्रश्न आणि ८०० मार्क. पेपरात कुणी विचारत नाही, एमबीबीएस केईएमचं की नंदुरबारचं. आणि बीडीएसवाल्याला त्या परीक्षेला बसताच येत नाही. त्याची वाट वेगळी, एमडीएसची, म्हणजे दातांच्याच पुढच्या शिक्षणाची. मेडिसिन, सर्जरी, बालरोग, रेडिऑलॉजी हे सगळे दरवाजे तुम्ही झेरॉक्सच्या दुकानात उभं राहून बंद करताय.

बीडीएस वाईट नाही. ज्याला दात आणि जबड्याचं काम मनापासून करायचंय त्याने जरूर करावं. पण 'डॉक्टर तर होईल ना' म्हणून करू नये. चार वर्षं अधिक एक वर्ष इंटर्नशिप, मग दुसऱ्याच्या क्लिनिकमध्ये टक्क्यांवर काम. स्वतःचं उघडायचं तर खुर्ची, ऑइल-फ्री कॉम्प्रेसर, सक्शन, ऑटोक्लेव्ह, एक्स-रे, त्या एक्स-रेची एईआरबी या किरणोत्सर्ग-सुरक्षेच्या सरकारी संस्थेकडे नोंदणी, बायोमेडिकल कचऱ्याची व्यवस्था. आणि मुंबईत यातलं सगळं जमतं, गाळा अडतो. खुर्चीला स्वतंत्र पाण्याची लाइन आणि ड्रेनेज लागतं, त्यासाठी लादी फोडावी लागते, लादी फोडायला मालक आणि सोसायटी हो म्हणावी लागते. भाडं पहिल्या महिन्यापासून, पेशंट सावकाश. हे त्या यादीत कुठे लिहिलं होतं?

नुसत्या एमबीबीएसवर मुंबईत लाल गालिचा आहे असंही नाही. साडेपाच वर्षं, मग सरकारी कॉलेज असेल तर एक वर्षाचा बॉण्ड, म्हणजे सक्तीची सरकारी सेवा, न केल्यास दहा लाख दंड. नंतर आरएमओ, म्हणजे हॉस्पिटलचा निवासी डॉक्टर, म्हणून चोवीस-चोवीस तासांच्या ड्युट्या आणि रिकाम्या वेळात पीजीचा अभ्यास. पण त्या डिग्रीवर पुढे काय करायचं ते ठरवायला वाव राहतो.

नवीन कॉलेजात प्राध्यापक कमी, हॉस्टेल अर्धवट, हेही आहे. नाही म्हणत नाही.

लिहिता लिहिता त्या बापाचा चेहरा आठवतोय. राग त्याच्यावर काढून उपयोग काय? त्याला गडचिरोली म्हणजे फक्त बातम्यांतलं नाव. मुलगी रोज रात्री घरी यावी, डबा घरचा असावा, एवढंच त्याचं म्हणणं. ऑफिसातून हाफ डे घेऊन आला होता, हातातल्या प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये डोमिसाइल, वैधता, सगळं क्रमाने लावलेलं. असल्या माणसाला गंडवणाऱ्यांची मात्र कीव येत नाही. तीच यादी आणखी चाळीस घरांत गेली असेल, कोड तेच, क्रम तोच. मुलीला काय व्हायचंय हे कुणी विचारलंच नसणार.

विचारलं मी. "सर्जन," म्हणाली, हळूच. मग मीच पोराला म्हटलं, "दादा, बीडीएस सगळी कट कर आणि खाली पेस्ट कर." काका गप्प. मग म्हणाले, "गडचिरोलीचा कोड काय आहे?"

ता.क. : फॉर्म लॉक करण्याआधी प्रिंट काढा, घरी न्या, मुलीला मोठ्याने वाचायला सांगा. प्रत्येक ओळीवर एकच प्रश्न, 'हे मिळालं आणि याच्या खालचं नाही मिळालं, तर चालेल?' जिथे ती अडखळेल तिथे क्रम चुकलाय. शेवटच्या दिवशी साइट रडते, म्हणून आदल्या दिवशीच उरका.