बंदुकीला जागा हवी

आमच्या वाडीत शेतीसंरक्षणाची बंदूक ज्यांच्या ज्यांच्या घरात आहे, त्या सगळ्यांचे पुढचे दरवाजे सकाळी उघडतात ते रात्री जेवणं झाल्यावरच लागतात. मधल्या वेळात घरात कोण आलं, कोण गेलं याची नोंद फक्त कुत्रा ठेवतो. आमची बंदूकही अशाच घरात, माजघराच्या भिंतीवर दोन खुंट्यांवर वर्षानुवर्षं आडवी पडलेली. पावसात आई तिच्या नळीवर ओले पंचे वाळत टाकायची. बागेत वांदर आले की बाबा पंचे बाजूला करून बंदूक उतरवायचे, खाली जाऊन हवेत एक बार काढायचे. वांदर शेजाऱ्यांच्या कलमांवर जायचे. थोड्या वेळानं शेजाऱ्यांचा बार ऐकू यायचा आणि वांदर परत आमच्याकडे. नेम धरायचा प्रश्नच नव्हता. एक तर 1972 चा वन्यजीव कायदा आडवा, दुसरं म्हणजे बाबांचा नेम.

मग बाबांनी सत्तरी ओलांडली. 2016 च्या शस्त्र नियमांत एक सोय आहे: परवानाधारक 70 वर्षांचा झाला, किंवा त्यानं बंदूक 25 वर्षं बाळगली, की ती वारसाच्या नावावर करून घेण्यासाठी अर्ज करता येतो. बाबा दोन्ही परीक्षांत पास. कागदांच्या चळतीत एक हमीपत्र होतं. बंदूक घरात सुरक्षित ठेवीन, असं मी लिहून द्यायचं. बाबांनी चष्मा पुसून ते दोनदा वाचलं.

"म्हंजे काय? खुटी बदलूची काय?"

मी म्हटलं, कुलपात ठेवायची.

"तिका चोरून कोण काय करतलो? माकाच ती उडवूक तीनदा घोडो वडूचो लागता."

मुद्दा बिनतोड होता. पण मे महिन्यात मुंबईहून जी भाचरं येतात, ती दुसऱ्या दिवसापर्यंत घरातली प्रत्येक उंच वस्तू खाली आणतात. त्यांच्यापैकी एकालाही तीनदा घोडा ओढायचा कंटाळा येईल असं मला वाटत नाही. कपाट घ्यायचं ठरलं. बजेट बारा हजार. खत, फवारणी आणि राखणदार वजा जाता त्या वर्षीच्या काजूनं एवढेच मागे ठेवले होते. बंदुकीला कुणी बारा हजार दिले असते तर बाबांनी ती हार घालून त्याच्या गाडीपर्यंत पोचवली असती, पण तो विषय वेगळा.

आधी मोबाइलवर पाहिलं. अमेरिकेत बंदुकांची कपाटं विकण्याचा मोठा धंदा आहे, आणि ती कपाटं पहारीनं फोडून दाखवण्याचा त्याहून मोठा. तिकडे घरगुती कपाटांची एक प्रमाणित चाचणी असते. हातोडी, पहार, स्क्रू-ड्रायव्हर अशी साधी हत्यारं घेऊन पाच मिनिटं झगडायचं. पाच मिनिटं दार टिकलं तर कपाट पास. आधी मला हे फारच कमी वाटलं. मग आमच्या वाडीचा विचार केला. इथे अनोळखी माणूस खळ्यात शिरला की दुसऱ्या मिनिटाला "कोणाचो रे तू?" होतं, तिसऱ्या मिनिटाला त्याचं आजोळ निघतं, आणि पाचव्या मिनिटाला तो चहा पीत बसलेला असतो. पहार काढायला त्याला वेळ मिळायचा कधी?

पण ती कपाटं दोनशे-तीनशे किलोची. आमचं घर रस्त्यापासून खाली. टेम्पो वर थांबतो, पुढे चिऱ्याच्या पायऱ्यांची घाटी आणि मग साकव. त्या साकवावरून गाय न्यायची तरी आधी तिची समजूत काढावी लागते. शिवाय आगीपासून वाचवणाऱ्या कपाटांच्या आत जिप्समचा थर असतो. जिप्सममध्ये मुळातच पाणी असतं. आग लागली की त्याची वाफ होते आणि आतला माल थंड राहतो. उत्तम. पण आग लागेपर्यंत तोच थर आतली हवा दमट ठेवू शकतो, म्हणून त्या कोरड्या मुलखातले लोकसुद्धा बंदुका गंजल्याची तक्रार करतात. आमच्याकडे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या पुढे पाऊस. आग लागण्यासाठी आधी घर वाळायला हवं.

डोंबिवलीच्या चुलतभावाला हे कळल्यावर त्यानं रोज एक लिंक पाठवायला सुरुवात केली. सगळ्या बोटांच्या ठशांवर उघडणाऱ्या, ठोकळ्यासारख्या दिसणाऱ्या इलेक्ट्रॉनिक तिजोऱ्या. त्यांत त्याचं पाकीट, घड्याळ आणि फ्लॅटचे कागद नीट मावले असते. आमची ठासणीची बंदूक दस्त्यापासून नळीच्या टोकापर्यंत पाच फूट. आणि ठशांचं म्हणाल, तर काजूच्या बोंडूतून बी पिळून काढणाऱ्या माणसाचे ठसे फेब्रुवारीत निघून जातात ते पावसाळ्यात परत येतात. टरफलातलं तेल कातडं सोलून काढतं. रेशनच्या मशीनवर आईचा अंगठा लागत नाही म्हणून आम्ही तिचं दुसरं बोट, तिसरं बोट करत बसतो. उद्या डुक्कर नाचणीत शिरलेलं असताना मी कपाटापुढे दहा बोटं आळीपाळीनं टेकवत बसू? आकड्यांच्या कुलपाचीही मला धास्ती होती. स्वस्तातल्या अशा पेट्यांत एक छोटी चुंबकी खिट्टी असते, आणि वरून नेमका गुद्दा बसला तर ती क्षणभर मागे सरते. त्या क्षणात मूठ फिरवली की दार उघडं. भाच्यांना गुद्दे शिकवावे लागत नाहीत.

तेव्हा कुडाळच्या बाजारात जाऊन साधं लोखंडी कपाट पाहायचं ठरवलं. माप घ्यायला बंदूक सोबत नेता येत नाही. नेली असती तर कपाट लगेच मिळालं असतं, गजांचं. म्हणून बंदुकीच्या बरोबरीनं बांबूची एक काठी तोडली. घोडा जिथे बाहेर येतो तिथे दोरा गुंडाळला, दस्ता रुंद होतो तिथे पुठ्ठा बांधला. ती घेऊन एसटीत चढलो. कंडक्टरनं काठीकडे पाहिलं, पुठ्ठ्याकडे पाहिलं.

"हे काय?"

"माप आहे."

"कशाचं?"

भर एसटीत "बंदुकीचं" म्हणायचं नाही एवढी अक्कल होती. "देवाचं" म्हणालो. त्यानं तिकीट फाडलं आणि पुढची सीट रिकामी करून दिली. उतरेपर्यंत माझ्याशी कुणी मोठ्यानं बोललं नाही.

दुकानात मात्र देवाचा उपयोग झाला नाही. कपाट बाहेरून साडेसहा फूट, पण आत चार कप्पे, आणि ज्याला "लॉकर" म्हणतात त्यात मंगळसूत्र आणि सातबारा एवढंच मावतं. मी काठी उभी घातली, आडवी घातली, तिरकी घातली. शेवटी ती मागच्या कोपऱ्यातून पुढच्या कोपऱ्यात तिरपी बसली आणि दार लागेना. दुकानदार शांतपणे पाहत होता. मग म्हणाला, "काका, काठी थोडी कापली तर?"

त्यानं एक मोलाची गोष्ट मात्र शिकवली. पत्र्याचा गेज जितका मोठा तितका पत्रा पातळ. 20 गेज म्हणजे जेमतेम 0.9 मिलिमीटर, 12 गेज म्हणजे 2.6. बंदुकांचंही असंच आहे. बारा बोअरची नळी आतून 18.5 मिलिमीटर रुंद, वीस बोअरची 15.6. आकडा चढला की माल उतरला. काजूच्या भावाबद्दल व्यापारी मला नेमकं हेच समजावत असतो, पण ते मला पटायला ही काठी खांद्यावर घेऊन हिंडावं लागलं.

दरम्यान वाडीत बातमी पोचली होती. मी कपाट शोधत होतो; वाडीनं तिजोरी ऐकली. तिजोरी म्हणजे सोनं. सोनं म्हणजे पैसा. आणि आमच्यासारख्याकडे पैसा म्हणजे जमीन. आमच्या सातबाऱ्यावर इतकी नावं आहेत की तलाठ्याला वाचताना मध्ये पाणी लागतं, आणि त्यांतल्या निम्म्या नावांचे फोन त्या आठवड्यात आले. गेल्या गणपतीत ज्यांनी माझ्याशी बोलणं सोडलं होतं, तेही. "तिजोरी घेतंस असा आयकलंय," अशी सुरुवात, मग पावसापाण्याची चौकशी, मग "थयल्या सामायिक डोंगराचा काय केलंस?" पतसंस्थेचा एजंट मुदत ठेवीचे कागद घेऊन पडवीत येऊन बसला. आईनं त्याला सोलकढी दिली आणि सांगितलं, "तसा काय नाय हो, बंदुकेसाठी आसा." तो समजूतदारपणे हसला. असं बोलावंच लागतं, हे त्याला माहीत होतं.

मला वाटतं, कपाटं बनवणारे लोक चोराचा, आगीचा, पुराचा विचार करतात. भावकीचा विचार केलेलं एकही कपाट बाजारात नाही.

अखेर हायवेकडच्या एका वेल्डिंगवाल्यानं मला वाचवलं. त्यानं काठी एकदा पाहिली आणि एक प्रश्न न विचारता खडूनं फरशीवर आकृती काढली. हिशेबही तिथेच. लोखंड एक मिलिमीटर जाड आणि एक चौरस मीटर असलं की वजन 7.85 किलो, म्हणजे 3 मिलिमीटरला साडेतेवीस. कपाट साडेपाच फूट उंच, सव्वा फूट रुंद, एक फूट खोल केलं की पत्रा साठ किलोच्या आसपास. दोन माणसं साकवावरून नेतील आणि चोराला एकट्यानं उचलता येणार नाही, असं नेमकं वजन. दार चौकटीच्या आत बसवायचं, म्हणजे पहारीला फट मिळत नाही. बिजागऱ्या बाहेर राहिल्या तर कुणी त्या कापेल, म्हणून त्या बाजूला आतून एक अखंड पट्टी, कापल्या तरी दार निघू नये अशी. कुलूप लिव्हरचं, साधी लांब किल्ली, सेल नाही, दिवा नाही. छर्रे नि केपा (बार पेटवणाऱ्या छोट्या टोप्या) यांच्यासाठी वर वेगळा छोटा कप्पा, त्याची किल्ली वेगळी. सगळं मिळून अकरा हजार आठशे. उरलेल्या दोनशेत त्यानं रंग कोणता हवा ते विचारलं. करडा म्हणालो. त्याच्याकडे निळा होता.

घरी आणून भिंतीला ठोकायला गेलो तर गवंडी म्हणाला, "चिऱ्यात बोल्ट धरूचो नाय." खरंच आहे. जांभा सच्छिद्र, त्यात आवळून ठोकलेला बोल्ट हातानं फिरवून काढता येतो. मग माजघराच्या कोपऱ्यात लादी उचकटून खड्डा, खड्ड्यात काँक्रीट, काँक्रीटमध्ये बोल्ट. कपाट लादीपासून चार बोटं वर, कारण मृग लागायच्या आधीच आमच्या लाद्यांना घाम फुटतो. बंदुकीला आईनं शिवलेली गोधडीची पिशवी होती, ती काढली. कापड ओल धरतं आणि नळी गंजते. खोबरेल तेलही बंद, ते सुकून चिकट होतं. त्याऐवजी शिलाई मशीनचं तेल. आत सिलिका जेलची पुरचुंडी. कोरडी असली की निळी, ओल प्यायली की गुलाबी. गुलाबी झाली की स्वयंपाकाचा नसलेल्या जुन्या तव्यावर मंद आचेवर तापवायची, पुन्हा निळी. आणि तळाशी एक झिरोचा दिवा, त्याच्या उबेनं हवा कोरडी राहते. आमच्या घरात पावसाळ्यात कोरडी राहणारी ही पहिली जागा. हे वाक्य मी मोठ्यानं बोललो ते बायकोनं आणि आईनं ऐकलं.

बंदूक आत गेली. किल्ली कमरेला लावली. आणि 16 मार्च 2024 ला लोकसभेची आचारसंहिता लागली.

ठाण्यातून निरोप आला, बंदूक जमा करा. काजूच्या ऐन हंगामात. मी ती घेऊन गेलो, पावती घेतली. दगडी भिंती, लोखंडी दार, चोवीस तास पहारा, आणि खर्च शून्य. माझ्या बजेटमध्ये बसणारं सर्वांत भक्कम कपाट सरकारनंच बांधून ठेवलं होतं. बाबा म्हणाले, "दरवर्षी इलेक्शन व्हया."

बंदूक परत आली तोवर 7 मेचं मतदान, 4 जूनचा निकाल सगळं होऊन पाऊस स्थिरावला होता. कपाट उघडलं. आत उडदाचे पापड, पोह्यांचे पापड, फेण्या, आंब्याची साटं, डब्यावर डबे. सगळं खुळखुळीत कोरडं. सिलिका जेल निळंशार.

"हे काढा," मी म्हटलं.

आई म्हणाली, "बंदुकेक बुरशी येता काय? पापडाक येता."

मधला मार्ग निघाला. बंदूक डाव्या अंगाला पट्ट्यात अडकवून उभी, डबे उजवीकडे. सांडगी मिरच्यांना प्रवेश नाही, त्यात मीठ फार. पण हमीपत्रावर सही माझी आहे. आत बंदूक असताना किल्ली दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायची नाही, यावर मी ठाम राहिलो. त्यामुळे पापड तळायचा झाला की मला हजर व्हावं लागतं.

परवा पाहुणे आले तेव्हा मी मळ्यात तरवा काढत होतो. बायको खळ्याच्या टोकावर येऊन, पावसाच्या आवाजावर आवाज चढवून ओरडली, "अहो, या लवकर, तिजोरी उघडा, पापड काढायचेत!" बांधापलीकडे लावणीला आलेल्या बायका होत्या. त्या ताठ उभ्या राहिल्या आणि एकमेकींकडे पाहू लागल्या.

काल पतसंस्थेचा एजंट पुन्हा येऊन गेला. या वेळी साहेबांना घेऊन.