पाचवी सिंफनी आणि शूबर्टचे क्विंटेट

पाश्चात्य अभिजात संगीताच्या उत्तम ध्वनिमुद्रणांवरील लेख वाचला. बेथोव्हनच्या पाचव्या सिंफनीसाठी (चार भागांची वाद्यवृंद-रचना) लेखकाने संचालक कार्लोस क्लायबर यांचे व्हिएन्ना फिलहार्मोनिक या वाद्यवृंदासोबतचे १९७४चे ध्वनिमुद्रण सर्वश्रेष्ठ ठरवले आहे आणि त्यातील रेखीवपणा मलाही मान्य आहे. मात्र तिसऱ्या भागाच्या अखेरीस टिंपनी या मोठ्या नगाऱ्यांच्या दबक्या ठोक्यांवरून चौथ्या भागात शिरताना जो ताण हवा, तो मला संचालक फुर्टवेंगलर यांच्या बर्लिनमधील मे १९४७च्या मैफलीत, ध्वनी जुना असूनही, अधिक जाणवतो. शूबर्टच्या दोन चेलोंच्या क्विंटेटचा (पाच वादकांसाठीची रचना) उल्लेखही लेखात हवा होता. त्याच्या संथ दुसऱ्या भागात दुसऱ्या चेलोच्या तारा बोटाने इतक्या हळुवार छेडल्या जातात, की इथे रत्नागिरीत आषाढाचा पाऊस कौलांवर कोसळत असताना हेडफोनशिवाय त्या ऐकूच येत नाहीत. या क्विंटेटचे कसाल्स, स्टर्न आणि टॉर्टेलिए या वादकांचे फ्रान्समधील प्राद येथील १९५२चे ध्वनिमुद्रण लेखकाने अवश्य ऐकावे.